हत्यारांच्या पूजेतला अंक

कानिफनाथ डोख्यांच्या खोलीत शिरलं की समोरच्या भिंतीवर तीन तसबिरी दिसत. पहिली मढीच्या कानिफनाथांची. त्यांना नवस बोलल्यावर डोख्यांचा जन्म झाला, म्हणून नावही तेच. दुसरी वडिलांची. तिसऱ्या तसबिरीत काचेमागे छापील कागदाचा एक कपटा होता. जवळ जाऊन वाचलं तर मजकूर असा : ‘का. म. डोखे, साखर कारखाना कॉलनी : आपण वर्णन केलेला दोष यंत्रात नसून जोडणीत आहे. जोडणी आपणच केल्याचे आपण लिहिता.’

पाहुणे वाचत आणि हसत. काही भिडस्त पाहुणे खोलीबाहेर पडेपर्यंत दम धरत. डोख्यांना त्याचं काही नव्हतं. ते म्हणत, “‘ध्वनियंत्र’मध्ये नाव छापून आलंय. आन खोटं काय लिवलंय त्यांनी? तार मीच उलटी जोडली हुती.”

‘ध्वनियंत्र’ हे पुण्याहून निघणारं मासिक. रेडिओ, टेलिफोन, लाऊडस्पीकर असली बोलणारी यंत्रं जोडणारे आणि दुरुस्त करणारे लोक त्याचे वर्गणीदार. कागद पिवळट, छपाई फिकी, चित्रं हातानं काढलेली. राहात्याच्या पलीकडे ज्या कारखान्यात डोखे नोकरीला होते, त्या सगळ्या परिसरात त्याचा वर्गणीदार एकच होता.

डोख्यांची मूळ नोकरी केनयार्डातली. उसाच्या गाड्या रात्रंदिवस येत, त्यांना नंबराचे बिल्ले द्यायचे, आणि आपला नंबर आधी कसा नाही म्हणून भांडणाऱ्या गाडीवानांच्या शिव्या खायच्या. बैल, चिखल आणि शिव्या यांतून सुटायचं म्हणून त्यांनी यंत्रविद्या धरली. सुरुवातीला राहात्याच्या बाजारातून एक पुस्तक आणलं. त्यातल्या कृतीनं केलेल्या रेडिओतून पहिल्या दिवशी धूर आला आणि नंतर काहीच आलं नाही. पुस्तकाच्या शेवटी लेखकाच्या दुकानाचा पत्ता होता. सुटे भाग तिथंच मिळत. ‘ध्वनियंत्र’चा एक जुना अंक त्यांना नगरच्या एस.टी. स्टँडवर मिळाला तो त्यानंतर.

या मासिकावर त्यांचा जीव का जडला, याचं कारण ते एका डबीच्या गोष्टीनं सांगत. त्या काळी वीज वाचवणारी म्हणून एक डबी निघाली होती. मीटरशेजारी लावली की बिल निम्मं, असा दावा. ‘ध्वनियंत्र’च्या मागच्या पानावर डबीची जाहिरात होती. त्याच अंकाच्या आतल्या पानावर, संपादकांनी ती डबी विकत आणून फोडली आणि आत बारीक वाळू निघाली, असं वृत्त होतं. पुढच्या अंकात मागचं पान कोरं. खाली एवढंच : ‘जाहिरात गेली. डबी कार्यालयात आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी यावे.’ कारखाना डझनभर डब्या घेणार होता. डोख्यांनी अंक मॅनेजरसाहेबांपुढे नेऊन ठेवला, आणि त्या दिवसापासून ऑफिसातले फोन दुरुस्त करायला त्यांना बोलावू लागले. हळूहळू केनयार्ड सुटलं. पगारपत्रकावर ‘मेकॅनिक (तात्पुरता)’ असं आलं.

मासिकाची आणखी एक रीत होती. पहिल्याच पानावर, संपादकीयाच्याही वर, एक चौकट असे : ‘आमच्या चुका’. बहुतेक वेळा तिथं किरकोळ काहीतरी असायचं. एखादा आकडा, एखाद्या गावाचं नाव. कधी चौकट रिकामी ठेवून आत ‘या महिन्यात आढळली नाही’ असं छापत. डोखे अंक आला की आधी चौकट वाचत आणि समाधानानं मान हलवत. शेजारणींना वाटे, गावाकडची खुशाली कळली.

एकाहत्तर सालच्या पावसाळ्यात मॅनेजरसाहेबांच्या मनानं घेतलं की कारखान्यात इंटरकॉम पाहिजे. ऑफिसात बसून बटण दाबायचं आणि वजनकाट्यावरच्या माणसाला विचारायचं, किती गाड्या झाल्या. मुंबईच्या कंपनीनं सांगितलेली किंमत ऐकून संचालक मंडळ गप्प झालं. नेमकं त्याच महिन्यात ‘ध्वनियंत्र’नं इंटरकॉम घरी कसा जोडावा, हे चित्रासह दिलं. डोखे अंक घेऊन केबिनमध्ये गेले. “साहेब, ‘ध्वनियंत्र’नं दिलंय,” असं म्हणाले, जसं काही सचिवालयातून मंजुरी आली होती.

ठरलं. दसऱ्याला बॉयलर पेटवायचा मुहूर्त असतो; त्याच वेळी चेअरमन केबिनमधून काट्याला हाक मारतील आणि इंटरकॉमचं उद्घाटन होईल. डोख्यांनी चित्र तेलकागदावर उतरवून काट्याच्या खोलीत भिंतीला चिकटवलं आणि तारेगणिक त्याच्याशी ताडून जोडणी केली. अष्टमीच्या संध्याकाळी काम संपलं. पक्कड, पेचकस, तारांना डाग द्यायचा कैया सगळं फडक्यात बांधून ते घरी घेऊन गेले, कारण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. नवमीला हत्यारं धुऊनपुसून पूजेला मांडायची, ती दसऱ्याच्या दुपारी नैवेद्य दाखवल्यावर उचलायची. मधल्या वेळात त्यांना हात लावायचा नाही. कारखान्यातही तेच. वर्कशॉपमधला फिटर मच्छिंद्र लेथ मशिनला झेंडूची माळ घालून पहाऱ्याला बसल्यासारखा बाकावर बसला होता.

बटण दाबणं हे हत्यार चालवणं नव्हे, असं ठरल्यामुळे चाचणी मात्र नवमीलाच ठेवली होती. काट्याच्या खोलीत डोखे आणि काट्यावरचा क्लार्क रंभाजी असे दोघं इंटरकॉमच्या डब्यापुढे बसले. रंभाजी डोख्यांचा केनयार्डापासूनचा दोस्त. तिकडे केबिनमध्ये चेअरमन, मॅनेजरसाहेब आणि शिपाई छगन. साहेब बटण दाबून ‘हॅलो काटा’ म्हणणार, सोडल्यावर इकडून उत्तर द्यायचं.

ठरलेल्या वेळेच्या आधीच डबा बोलू लागला.

“साखर कमी आहे हो चहात,” चेअरमनचा आवाज आला. “साखर कारखान्यात बसून हे असं?”

डोख्यांचा चेहरा उजळला. “बघ, किती साफ!”

“साफ हाय,” रंभाजी म्हणाला, “पन त्यांनी बटन दाबलंय का? चा पिताना कोन बटन दाबतंय?”

डोखे उत्तर देणार, तेवढ्यात मॅनेजरसाहेबांचा आवाज आला. ते चेअरमनना समजावून सांगत होते. डोख्याचं हे यंत्र उद्या चालेल याची खात्री नाही. नगरचा एक माणूस सांगून ठेवलाय, सकाळी येईल. “आणि यंत्र फसलं तर डोख्याला पुन्हा केनयार्डात. बिल्ले वाटायला माणूस कमीच आहे.”

“आणि ते त्याचं मासिक?”

“वाचून दाखवेल बैलांना.”

दोघंही हसले. हसणंसुद्धा अगदी साफ ऐकू आलं.

रंभाजीला मित्राचा कळवळा आला, आणि कळवळा आला की तो मोठ्यानं बोले. “ह्या चेअरमनला चा ग्वाड लागतो, पन उसाचा भाव दिताना हात आखडतो. आन मॅनेजर? त्याला काट्याची सुई कुठं आसती ठाव हाय का?”

त्याच वेळी डबा एकाएकी गप्प झाला. थोड्या वेळानं पुन्हा बोलू लागला, तेव्हा त्यातून कुणाचं तरी खोकणं आलं आणि दार आपटल्याचा आवाज. मग सायकल दामटत छगन आला.

“रंभाजीआण्णा, सायबानं बटन दाबून ‘हॅलो काटा’ म्हनलं, तर आतून तुमीच बोलला. उसाच्या भावाचं. चेअरमननी कप खाली ठिवला.”

रंभाजी बिलकूल डगमगला नाही. “मी? मी तर तोंड उघडलं न्हाई. यंत्र बिघाडलंय, आपल्या मनानं बोलतंय. कानिफ्या, सांग की!”

“बिघाडलंय,” डोखे म्हणाले. ते खरं बोलत होते, म्हणून ते जास्त वाईट दिसलं.

“सायेब म्हनले, सांजपातुर नीट झालं तर झालं. न्हाईतर उद्या नगरवाला,” छगन म्हणाला आणि सायकल वळवून गेला.

बिघाड काय तो कळत होता. सगळं उलटं चाललं होतं. बटण सोडलेलं असताना केबिनमधलं सारं काट्यावर येत होतं, आणि बटण दाबलं की काट्यावरचं केबिनमध्ये. का, ते कळत नव्हतं. डोख्यांनी भिंतीवरचं चित्र आणि डब्यातल्या तारा पुन्हा ताडून पाहिल्या. केबिनमधल्या बटणाच्या तारा काट्याच्या डब्यातल्या पट्टीवर येत; तिच्यावर डावीकडे लाल, उजवीकडे पिवळी. चित्रातही तसंच. वरची लाईन खांबापर्यंत चालत जाऊन पाहिली, विजेचा दाब कमी असेल म्हणून वायरमनला विचारून आले.

“चित्र चुकलं आसंल,” रंभाजी म्हणाला.

“काय?”

“चित्र. काढनारा बी मानूसच की.”

“‘ध्वनियंत्र’चं चित्र हाय ते.”

“आसंल. माझ्या पोराच्या पुस्तकात गायीला पाच पाय हुते. ते बी पुन्याचंच पुस्तक हुतं.”

“चुकलं आसतं तर त्यांनी सांगितलं आसतं. पयल्या पानावर सांगत्यात.”

“कवा?”

“पुढच्या अंकात.”

“मंग पुढचा अंक कुठं हाय?”

डोखे उठले आणि सायकलवर टांग टाकून घरी निघाले. नवा अंक एव्हाना यायला हवा होता.

अंक आला होता. सकाळी पोस्टमन देऊन गेला होता. घरात देवापुढे पाट मांडला होता. पाटावर लाल कापड, कापडावर पक्कड, पेचकस, कैया, विळी, कोयता, कात्री. मधोमध ‘ध्वनियंत्र’च्या साऱ्या जुन्या अंकांची चळत, आणि चळतीवर नवा अंक, वेष्टनासकट. वेष्टनावर, अगदी पोस्टाच्या तिकिटावर, हळदकुंकवाचं ओलं बोट उमटलं होतं. वर झेंडूचं फूल.

डोख्यांनी हात पुढे केला. त्यांची बायको चांगुणा चुलीपुढून उठून आली.

“आवं, हात नका लावू. नवमी हाय.”

“अगं, नुसतं वाचतो. पयलंच पान.”

“मंग सुतारानं करवत बी नुसती बघायला उचलावी.”

“पुस्तक म्हंजे काय हत्यार हाय का?”

“आता मला इचारता? गेल्या साली आत्या आल्त्या तवा कोन म्हनलं? पक्कड हरवली तर दुसरी ईल, माझं खरं हत्यार ह्येच, आसं कोन म्हनलं? मंग खऱ्या हत्याराला बाजूला ठिवून खोट्याची पूजा करू व्हय?”

डोखे तसं म्हणाले होते. आत्यांपुढेच नव्हे, बऱ्याच जणांपुढे म्हणाले होते.

“चांगुणे, माझी नोकरी टांगलीय. इंटरकॉम उलटा चाललाय. न्हाई नीट झाला तर परत केनयार्ड. त्याचं उत्तर ह्यात आसंल तर?”

केनयार्डातून नवऱ्याचे कपडे कशा अवस्थेत येत, हे चांगुणाला धुऊन धुऊन माहीत होतं. पण तिनं पदर खोचला आणि म्हणाली, “आसंल तर उद्या बी आसंलच. छापलंय न्हवं? पळून जातंय का? मामंजींनी नवमीला पटाशी उचलली तर अंगठा गेला. तुमच्या हातात इजंच्या तारा हायत.”

मामंजींचा अंगठा हा त्या घरातला शेवटचा मुद्दा असे. त्यापुढे वाद जात नसे. डोखे पाणी प्याले आणि परत निघाले. उंबऱ्यात थांबून म्हणाले, “निदान पेचकस?”

चांगुणा पाटाच्या आड येऊन उभी राहिली.

काट्याच्या खोलीत रंभाजी वाट बघत होता. दिवस कलला होता. डोख्यांनी भिंतीवरच्या चित्रापुढे उभं राहून ते बराच वेळ बघितलं. मग डब्याकडे. त्यांना जे करायचं होतं ते कधीच कळलं होतं. रंभाजी बोलण्याच्याही आधी. लाल आणि पिवळी यांची अदलाबदल. बटण उलटं चालतंय, तर बटणाच्या तारा उलट्या कराव्यात, हे ‘ध्वनियंत्र’नंच त्यांना इतक्या वर्षांत शिकवलं होतं. पण ते करायचं म्हणजे ‘ध्वनियंत्र’ चुकलं असं म्हणायचं. आणि आजवर तरी जे चुकलं ते डोखेच चुकले होते. भिंतीवर तसा दाखला होता.

“चूक माझीच आसंल,” ते म्हणाले. “मलाच दिसत न्हाई.”

“आसंल,” रंभाजी म्हणाला. “मंग केनयार्डात बसून निवांत शोध. बैलं बी मदत करतील.”

डोख्यांनी खिशातून चार आण्याचं नाणं काढलं. पेचकस नव्हता, आणि मच्छिंद्र वर्कशॉपमधून काही देणार नव्हता. नाणं मात्र हत्यारात मोडत नाही. ते लक्ष्मीत मोडतं आणि तिची पूजा दिवाळीला. नाण्याची कड स्क्रूच्या खाचेत बसली. लाल सैल झाली, पिवळी सैल झाली. त्यांनी तारा बदलल्या आणि स्क्रू आवळले. आवळताना त्यांनी भिंतीकडे पाठ केली होती.

रंभाजी सायकलवरून केबिनमध्ये जाऊन छगनला उभं करून आला. थोड्या वेळानं डबा बोलला.

“हॅलो काटा. छगन बोलतोय. सायेब घरी गेल्यात, मी त्यांच्या खुर्चीवर हाय. कुनाला सांगू नका.”

मग शांतता. केबिनमधलं एक अक्षर आलं नाही. डोख्यांनी उत्तर दिलं, ते छगनला ऐकू गेलं, आणि तो इतका हरखला की त्यानं काट्याला गाड्यांचा हिशेब मागितला. गाळप सुरूच झालं नव्हतं.

“झालं की!” रंभाजीनं डोख्यांच्या पाठीत थाप मारली. “तोंड का पाडलंयस?”

डोख्यांनी नाणं पुन्हा काढलं. तारा चित्राप्रमाणे केल्या. डबा लगेच उलटा चालू लागला. छगन खुर्चीत बसून गाणं म्हणत होता ते सगळं आलं. तारा पुन्हा फिरवल्या. गाणं बंद झालं.

“लग्नाला नवरी पळून गेल्यासारखा काय बसलायस?”

“ते चुकले, रंभ्या.”

“मंग?”

“चुकले आन मला कळलं. आता उद्या दुसरं चित्र आलं तर मी कुनाला इचारू?”

रंभाजीनं बिड्या काढल्या आणि एक डोख्यांना दिली. डोखे बिडी ओढत नसत. त्यांनी ती कानावर ठेवली आणि तशीच घरी नेली.

दसऱ्याला सकाळी बॉयलर पेटला. नगरचा माणूस आला होता. तो नव्या कपड्यांत एका बाजूला उभा राहून चमत्काराची नव्हे तर बिघाडाची वाट पाहत होता. चेअरमननी केबिनमध्ये बटण दाबलं आणि “हॅलो काटा” म्हटलं. काट्यावरून रंभाजीनं अतिशय नम्र आवाजात सर्व संचालकांना दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या. टाळ्या पडल्या. नगरच्या माणसाला पेढा देऊन वाटेला लावलं. मॅनेजरसाहेबांनी तिथल्या तिथं सांगितलं की ‘तात्पुरता’ हा शब्द पुढच्या पगारपत्रकात येणार नाही.

“कसं काय जमवलंत, डोखे?” चेअरमननी विचारलं. “त्या तुमच्या मासिकातलंच ना?”

डोख्यांनी नुसते हात जोडले. सगळ्यांना तो विनय वाटला. खरं तर ते वर्गणी बंद करण्याचं पत्र मनात लिहीत होते आणि ‘सप्रेम नमस्कार’च्या पुढे जात नव्हते.

दुपारी नैवेद्य झाला. चांगुणानं पाटावर अक्षता टाकल्या, पाट जरा हलवला आणि म्हणाली, “घ्या आता. काल जीव चालला हुता न्हवं?”

डोख्यांनी पेचकस उचलून खिशात ठेवला. अंकाकडे पाहिलं नाही. शेवटी तिनंच फूल बाजूला करून तो त्यांच्या हातात दिला. वेष्टन फाडताना ते म्हणाले, “आता त्यात काय राम न्हाई.”

पहिल्या पानावर चौकट होती, आणि या वेळी ती जवळजवळ पानभर होती. डोख्यांनी ती मनात वाचली, मग बसले आणि मोठ्यानं वाचली.

‘आमच्या चुका. गेल्या अंकातील इंटरकॉमच्या चित्रात बटणाच्या पट्टीवरील लाल व पिवळी या तारा उलट दाखविल्या गेल्या. त्याप्रमाणे जोडल्यास बोलणे व ऐकणे यांची अदलाबदल होते. चूक चित्रकाराची अगर मुद्रकाची नाही; चित्र संपादकांनी तपासले होते. आमच्यावर विश्वास ठेवून ज्यांनी जोडणी केली त्यांच्या मनस्तापाबद्दल आम्ही क्षमा मागतो. ज्यांनी विश्वास न ठेवता तारा बदलल्या त्यांचे अभिनंदन.’

डोख्यांनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. मग चष्मा पुसला आणि सारी चौकट पुन्हा पहिल्यापासून वाचली.

“काय लिवलंय म्हनं?” चांगुणानं विचारलं.

“चुकलो म्हनून लिवलंय. पयल्या पानावर. पानभर!”

चांगुणानं अंक हातात घेतला. तिला अक्षरं लागत नव्हती, पण तिकिटावरचं ओलं कुंकू वेष्टनातून झिरपून आत उतरलं होतं, ते तिनं ओळखलं. डाग बरोबर चौकटीवर पडला होता.

“काल उचलू दिला आसता तर?” ती म्हणाली. “काल ह्यात काय आसतं कुनाला ठाव? रातभर देवापुढं बसला, तवा कबूल झाला.”

“अगं, छापून आलंय ते पुन्याहून. आठवड्यामागं छापलंय.”

“मंग आठवड्यामागं तुमाला कुनी सांगितलं का? न्हाई. आज सांगितलं.” ती भाकरी करायला आत गेली.

डोख्यांनी वर्गणी एकदम तीन वर्षांची पाठवली, आणि पहिलं पान कापून, कुंकवाच्या डागासकट, चौथी तसबीर केली. पाहुण्यांना ते आता दोन्ही दाखवत. “ह्यात मी चुकलो. ह्यात ते चुकले. दोन्ही त्यांनीच छापलं.”

चांगुणाचं म्हणणं मात्र कॉलनीत डोख्यांच्या म्हणण्यापेक्षा जास्त पसरलं. पुढच्या खंडेनवमीला रंभाजी सकाळीच खोलीवर आला. त्याच्या हातात कारखान्याचा वार्षिक अहवाल होता. आर्ट पेपरवर छापलेला, पहिल्या पानावर चेअरमनचा रंगीत फोटो.

“वहिनी, ह्यो बी ठिवा पाटावर.”

“ह्यात काय चूक हाय?”

“हाय म्हनत न्हाईत. म्हनून तर आनलाय.”

चांगुणानं तो पक्कडीशेजारी ठेवला आणि चेअरमनच्या कपाळावर हळदकुंकवाचं बोट लावलं. दसऱ्याला दुपारी रंभाजीनं अहवाल पानापानानं तपासला. सगळं होतं तसंच होतं.

“वहिनी, काय गुन आला न्हाई.”

चांगुणानं अहवालावरून अंगठा फिरवला. कुंकू वरच्या वर पुसून निघालं.

“कसा येनार, भावजी?” ती म्हणाली. “कागुद लई गुळगुळीत हाय. आत काय मुरतच न्हाई.”